भिंतीपलीकडची पंगत

१

उरुग्वे देशातल्या साल्तोमध्ये दुपारची जेवणं आटोपली की गाव मरतं आणि चार वाजता पुन्हा जिवंत होतं, असं तिथलेच लोक हसत हसत सांगतात. दुकानांच्या फळ्या लागतात. घराघराच्या लाकडी झडपा मिटतात. कुत्री झाडांच्या बुंध्याशी पाय ताणून पडतात आणि रस्त्यावर नुसतं ऊन उरतं. उरुग्वे नदी गावाला खेटून वाहते, पण त्या वेळी तिचाही आवाज येत नाही.

एवारिस्तो ओलिवेराला ही शांतता सोसत नव्हती. त्याचा सगळा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेला होता. तिथे माणूस इंजिनाच्या धडधडीत गाढ झोपतो आणि इंजिन थांबलं की दचकून उठतो, कारण इंजिन थांबलं म्हणजे काहीतरी बिघडलं. आता पेन्शन घेऊन तो कायमचा घरी आला होता. जगातली निम्मी बंदरं पाहून झाली होती. उरलेलं आयुष्य बायकोजवळ, अंगणातल्या हौदाच्या काठावर बसून काढायचं, एवढाच त्याचा बेत होता. पण रोज दुपारी गाव थांबलं, की तो पलंगावर टक्क जागा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा.

देल्मिराचं तसं नव्हतं. पलंगाची भिंतीकडची बाजू तिची. ती कुशीवर वळायची, एक तळवा भिंतीच्या चुन्याला टेकवायची आणि विहिरीत धोंडा जावा तशी झोपेत जायची.

आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या जानेवारीत, एका दुपारी एवारिस्तोला भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज आला. चमचा ताटलीला लागल्याचा. मग दुसरा. कुणीतरी पाणी ओतलं. कुणीतरी पाव मोडला. कुणीतरी गरम रश्शावर फुंकर घातली, तीही त्याला स्पष्ट ऐकू आली.

शेजारी भाडेकरू आले असावेत, त्याने मनाशी म्हटलं. उशिरा जेवतात बापडे. खरं म्हणजे त्याला बरंच वाटलं. एवढ्या मेलेल्या गावात कुणीतरी जागं होतं.

संध्याकाळी नवराबायको खुर्च्या टाकून दारासमोर बसले. देल्मिराने थर्मासमधलं गरम पाणी तुंब्यातल्या पानांवर ओतून माते, तिकडचा कडवट चहा, तयार केला आणि नळीने पहिला घोट स्वतः घेतला.

"शेजारी गोदोयांच्या घरात कोण राहायला आलंय?" एवारिस्तोने विचारलं.

"कुणी नाही."

"दुपारी जेवत होते की."

देल्मिराने तोंडातली नळी काढली. "तुला ऐकू आलं?"

तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. पाहुण्याने नको ते कपाट उघडावं आणि घरची बाई ओशाळी व्हावी, तशी ती झाली. मग तुंबा त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "घे म्हाताऱ्या, निवतोय."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तो समोरच्या बासिलिओकडे गेला. बासिलिओ भाजीवाला. एवारिस्तो आयुष्यात कधी इंजिनखोलीच्या वर चढला नव्हता, तरी हा त्याला कप्तान म्हणायचा, आणि आख्खी गल्ली त्याचं ऐकून तेच म्हणायला लागली होती.

"गोदोयांचं घर?" बासिलिओ कलिंगड कापत होता. "कप्तान, त्या दाराला मी माझ्या हाताने साखळी घातलीय. म्हातारी गेली, पोरं मोन्तेव्हिदेओला गेली. किल्ली माझ्याकडेच आहे, पण कुलूप एवढं गंजलंय की आता देवाच्या बापालाही उघडायचं नाही."

"दुपारी आतून आवाज येतात."

सुरी कलिंगडात अर्ध्यावर थांबली.

"दुपारी मी झोपतो," बासिलिओ म्हणाला.

"कधी जाग येत नाही?"

"जाग आली तरी झोपतो." त्याने सुरी पुढे दाबली आणि कलिंगड दुभंगलं. "ही फोड घ्या. गोड आहे. आणि झोपायला शिका आता, कप्तान. इथे बोट बुडत नाही."

एवारिस्तो हसला. पण घरी येताना त्याने गोदोयांच्या दाराची साखळी ओढून पाहिली. गंजाचा लाल भुगा तळहाताला लागला. दाराच्या उंबऱ्यात गवत उगवलं होतं आणि ते कुणी तुडवलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं लक्ष देल्मिराच्या ताटाकडे जाऊ लागलं. ती स्वयंपाक मन लावून करायची. त्याला वाढायची. स्वतः मात्र दोन चमचे रस्सा तोंडात घालून ताटली सारायची.

"एवढंसंच?"

"पुरे रे. मग जड होतं."

"कशाला जड होतं?"

ती ताटल्या उचलायला लागायची. आणि संध्याकाळी झोपून उठली की तिच्या श्वासाला तमालपत्राचा वास यायचा. एवारिस्तोला तमालपत्र खपत नसे. तो परत आल्यापासून त्या घरात तमालपत्राचं पानही आलं नव्हतं.

तिचे दंड बारीक होत चालले होते. डॉक्टरने तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाला, टॉनिक लिहून दिलं आणि दुपारी विश्रांती घ्या, असं बजावलं.

३

जहाजावर बॉयलरजवळचा माणूस कुजबुजला तर ते कधीकधी वरच्या भांडारघरात ऐकू येतं. पोलाद आवाज कुठून उचलतं आणि कुठे नेऊन टाकतं, याचा नेम नसतो. एवारिस्तोने हे शंभरदा अनुभवलं होतं. म्हणून तो स्वतःला समजावत राहिला. जुन्या घरांना जुने नळ असतात. तीन घरं पलीकडे कुणी जेवत असेल, त्याचा आवाज नळातून इथे येत असेल. यात घाबरण्यासारखं काय आहे?

मग एका दुपारी पलीकडे कुणीतरी हसलं.

बाईचं हसणं होतं. आधी नाकातून सुटलेलं, मग आवरता न आलेलं, शेवटी खोकल्यात गेलेलं. एवारिस्तो उठून बसला. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं. लग्न ठरलं त्या वर्षी, नदीकाठच्या जत्रेत, त्याचा पाय चिखलात रुतून बूट तिथेच राहिला तेव्हा देल्मिरा अशी हसली होती. त्यानंतर किती वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं!

देल्मिरा त्याच्या शेजारी झोपली होती. ओठ मिटलेले. त्याने तिच्या खांद्याला हात लावला. बाहेर डांबर वितळत होतं आणि तिचा खांदा हौदातल्या पाण्यासारखा गार होता.

"देल्मिरा," तो हळूच म्हणाला.

तिने पापणी हलवली नाही. पलीकडे चमचे वाजत होते, कुणीतरी काहीतरी सांगत होतं, शब्द कळत नव्हते. एवारिस्तोने गुडघ्यांवर सरकत, तिच्या अंगावरून वाकून भिंतीला कान लावला. चुना थंड होता.

आणि अगदी कानाशी, भिंतीच्या त्या बाजूने तिथेच तोंड लावून बोलावं तसा, देल्मिराचा आवाज म्हणाला,

"हळू. तो जागा आहे."

चमचे थांबले. सगळेच एकदम थांबले. कितीजण होते कोण जाणे, पण ते सगळे हातातला घास हातात ठेवून आता ऐकत होते, तो जसा त्यांचं ऐकत होता तसेच.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या हाताखाली झोपलेल्या देल्मिराचे डोळे उघडे होते.

"झोप ना रे," ती म्हणाली.

४

त्या संध्याकाळी खुर्च्या दारात गेल्या नाहीत. स्वयंपाकघरातच त्याने तिला गाठलं.

"कोण आहेत ते?"

देल्मिरा बटाटे सोलत होती. "जेवायला बोलावतात. शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?"

"शेजारी कुणी नाही! उंबऱ्यात गवत वाढलंय तिथे!"

"ओरडू नकोस. पहिल्यांदा मीही अशीच घाबरले होते. बरीच वर्षं झाली. रोज दुपारी उठून बसायचे. मग एकदा कुणीतरी म्हणालं, उठलीच आहेस तर ये, दोन घास खा. तू तेव्हा कुठे होतास आठवत नाही. आफ्रिकेकडे असशील."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव काय?"

"इश्श, पंगतीला बसल्यावर कुणी नावं विचारतं का?" आणि ती हसायला गेली, पण हसू उमटलं नाही. ते जणू दुसरीकडे ठेवलं होतं आणि तिला ऐन वेळी सापडलं नाही.

"जाऊ नकोस तिकडे. माझी शपथ आहे."

"मी कुठे जाते? मी झोपते फक्त." तिने सुरी खाली ठेवली. हातातला बटाटा अर्धा सोललेला होता. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. "याला काय म्हणतात रे?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण सुलेमा आली. शिलाईचं काम करणारी, तोंडाने फटकळ, एवारिस्तोला लग्नापासून धारेवर धरणारी. त्याने तिला अंगणात हौदाशी नेलं आणि सगळं सांगितलं. तिने टर उडवावी, वेड्यात काढावं, अशी त्याची फार इच्छा होती.

सुलेमाने टर उडवली नाही.

"दुपारी तिला उठवतोस का तू?" तिने विचारलं.

"उठवायचा प्रयत्न केला. उठत नाही."

"उठवत जाऊ नकोस. या गावात दुपारी कुणी कुणाला उठवत नाही. तू बाहेर राहिलास, तुला कुणी शिकवलं नाही."

"सुलेमा, खरं सांग. तुझ्या घरी येतो का आवाज?"

सुलेमाने हौदाच्या काठावरचं वाळलं पान उचललं आणि बोटांत चुरलं.

"आम्ही उंदीर म्हणतो," ती म्हणाली.

"आणि उंदीर नसले तर?"

"तर काय? उंदीर म्हणायचं आणि कूस बदलायची. माझा नवरा जाईपर्यंत उंदीरच म्हणत होता." ती उठली, नसलेली धूळ झटकावी तसा तिने झगा झटकला. "देल्मिराला एकटेपणा फार होता, एवारिस्तो. उंदीर म्हणायला शेजारी दुसरं माणूस लागतं. तिला ते नव्हतं."

५

त्याने ठरवलं, इथून निघायचं. मोन्तेव्हिदेओला बंदराजवळ त्याचा जुना सोबती राहत होता. तिथे रात्रंदिवस क्रेन कुरकुरतात, भोंगे वाजतात. तिथे दुपारी कुणी झोपू म्हटलं तरी झोपता येणार नाही.

देल्मिरा लगेच तयार झाली. तिने आज्ञाधारक मुलीसारखी बॅग भरली, केस विंचरले, निळा झगा घातला. नेमकी त्या दिवशी सकाळची बस बिघडली आणि दुपारची मिळाली. एवारिस्तोला ते आवडलं नाही, पण थांबायची त्याची छाती नव्हती. थांबलो तर पुन्हा निघणं होणार नाही, हे त्याला आतून कळत होतं.

बस निघाली तेव्हा रस्ते ओस पडले होते. मिटलेल्या झडपांच्या रांगांमधून बस हळूहळू जात होती. ड्रायव्हरने कोपऱ्यावर वळताना इंजिन जरा मंद केलं, आणि त्या एका क्षणात एवारिस्तोला वाटलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून, प्रत्येक झडपेमागून, चमचे वाजताहेत. मग इंजिन घुमलं आणि ते बुडालं. इंजिनाचा आवाज! त्याने डोळे मिटून तो छातीत भरून घेतला.

"बघ, सुटलो," तो म्हणाला.

देल्मिरा खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

दायमान नदीचा पूल आला आणि गेला. त्यानंतर थोड्याच वेळात त्याने तिचा हात हातात घेतला आणि त्याला तो हलका लागला. कापसासारखा हलका. त्याने तिच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास होता, पण फार लांबून आल्यासारखा. मग पुढचा श्वास येईपर्यंत एवारिस्तोने रस्त्याकडेचे खांब जाताना पाहिले. त्यानंतरचा आणखी उशिरा आला. तिची नखं निळी पडत होती.

"थांबवा!" तो ओरडला. "बस थांबवा!"

माणसं उठली. कुणी पाणी दिलं, कुणी तिच्या कपाळाला कोलोन लावलं. एक बाई म्हणाली, पुढच्या गावात दवाखाना आहे, चला पुढे. ड्रायव्हरने बस पुढे काढली मात्र, देल्मिराचं तोंड उघडलं आणि आता श्वास आत जाईना.

"पुढे नको! मागे! मागे न्या हो, पाया पडतो तुमच्या!"

भरलेली बस मागे फिरत नाही. त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि खाली उतरला. धुळीत, उन्हात, निळ्या झग्यातली बायको हातांवर घेऊन तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, म्हणून कलिंगडांचा ट्रक थांबला. नाही तर थांबला नसता. ट्रकवाल्याने काही विचारलं नाही. एवारिस्तो तिला घेऊन मागे कलिंगडांवर बसला आणि सबंध रस्ताभर तिच्या कानात तेच तेच बोलत राहिला, "आलो, आलो, घरी आलो."

पुलावरून चाकं गेली आणि देल्मिराने खोल श्वास घेतला. एखादी बाई दमून भागून माहेरच्या ओट्यावर टेकताना घेते, तसा.

त्याने तिला घरी पलंगावर ठेवलं. तिने झोपेतच कूस बदलली आणि तळवा भिंतीला लावला. पलीकडे खुर्च्या सरकल्या. कुणीतरी आनंदाने काहीतरी म्हणालं आणि ताटल्या मांडायचा आवाज सुरू झाला.

एवारिस्तो जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही कान हातांनी दाबून धरले.

६

भर दुपारी घर फोडायला साल्तोसारखं गाव नाही. एवारिस्तोने कटावणी घेतली, गोदोयांच्या दाराशी गेला आणि साखळीत घालून पिळली. साखळी तुटल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. एकही झडप उघडली नाही.

आत धूळ होती. बोळ, अंगण, कोरडा हौद, लोखंडी पलंगाचा सांगाडा, छतातून पडलेल्या चुन्याचे पोपडे. कुठेही टेबल नव्हतं. खुर्ची नव्हती. चूल कधीची थंड होती आणि तिच्यात पाखराने घरटं केलं होतं. त्याच्या बुटांचे ठसे मागे उमटत होते आणि त्यांच्याशिवाय त्या धुळीत दुसरा ठसा नव्हता.

त्याच्या झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत तो शिरला. मोकळी खोली. समोर ती भिंत. कटावणी खाली ठेवून त्याने कान लावला.

चमचे वाजत होते. पलीकडे. म्हणजे त्याच्याच घराच्या बाजूला, जिथे पलंगावर देल्मिरा एकटी झोपली होती तिथे.

"आज रस्सा छान झालाय," देल्मिरा म्हणाली.

आणि पहिल्यांदाच त्याने दुसऱ्या कुणाचे तरी शब्द ऐकले. म्हातारा आवाज होता. पुरुषाचा की बाईचा, सांगता आलं नसतं. फार प्रेमळ होता.

"अजून वाढू?"

"वाढा."

ती भिंत वीतभर जाडीची होती. या बाजूला तो उभा होता, त्या बाजूला त्याचा पलंग होता. मग ही माणसं बसली होती कुठे? त्याने डोक्यात विटा मोजल्या, चुना मोजला, पुन्हा पुन्हा मोजला. डोकं चालेनासं झालं तेव्हा तो पळत सुटला. रस्ता, स्वतःचं दार, बोळ, अंगण. झोपण्याच्या खोलीचं दार त्याने ढकललं.

झडपेच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या पलंगावर पडल्या होत्या. देल्मिरा कुशीवर होती. पलंग भिंतीला घट्ट चिकटलेला होता, मध्ये चादरीची कडसुद्धा खोचता येत नव्हती. आणि त्या जागेतून एक हात आला होता.

तो हात भेसूर नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात होता, पाण्यात राहून बोटं सुरकुतलेली, मनगटाजवळ पिठाचा डाग. बोटांत रुमालाचं टोक धरलेलं होतं. त्या टोकाने तो देल्मिराचे ओठ पुसत होता, आधी एक कोपरा, मग दुसरा, आई लेकराचे पुसते तसे. पुसून झाल्यावर त्याने गालावर आलेली एक बट कानामागे सारली. मग रुमालाची घडी घालत, काहीच घाई नसल्यासारखा, नख शिरणार नाही अशा त्या फटीत तो हात निघून गेला.

एवारिस्तोच्या तोंडातून कसला तरी आवाज निघाला असावा. देल्मिराने डोळे उघडले. ती उठून बसली, झगा गुडघ्यांवर ओढून घेतला आणि दारातल्या माणसाकडे पाहिलं.

"तुम्ही कधी आलात?" तिने विचारलं.

७

ती त्याच्याशी वाईट वागली नाही. पाहुण्याशी वागावं तशी वागली. त्याचं अंथरूण तिने अंगणापलीकडच्या खोलीत घातलं, धुतलेला टॉवेल दिला, माते करताना पहिला तुंबा त्याच्यापुढे धरला.

"देल्मिरा, मी आहे. एवारिस्तो."

"हो? काय योगायोग! आमच्या ह्याचंही नाव एवारिस्तोच," ती म्हणायची. "समुद्रावर असतो. तुमची ओळख असेल."

सुलेमाला मात्र तिने ओळखलं. तिला बाजूला घेऊन, पण एवारिस्तोला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "परका पुरुष घरात ठेवलेला बरा दिसत नाही, कळतं मला. पण बिचारा फार दमलेला आहे गं. कुठे घालवू?"

जाताना बोळात सुलेमाने एवारिस्तोच्या दंडावर हात ठेवला आणि तशीच बाहेर पडली.

एवारिस्तोने बरंच काही करून पाहिलं. पलंग खोलीच्या मधोमध ओढला, तर दुपारी झोपेत देल्मिराचा श्वास तुटायला लागला आणि त्यालाच तो पुन्हा भिंतीला लावावा लागला. पाद्री आला, पाणी शिंपडून गेला. तोही घाईत होता, त्याची झोपायची वेळ होत आली होती.

शेवटी एका दुपारी, ती झोपल्यावर, तो पलंगाच्या उशाशी जमिनीवर बसला. भिंतीला तोंड लावलं. लाज, शहाणपण, सगळं सोडून दिलं होतं त्याने.

"देल्मिरा."

चमचे थांबले.

"काय रे, म्हाताऱ्या?" भिंत म्हणाली.

तोच आवाज. तेच अरेतुरे. इतक्या दिवसांत त्याला कुणी असं हाकारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"घरी ये गं."

"घरीच तर आहे."

"मग मला बोलाव तिकडे. मी काही मागणार नाही. कोपऱ्यात बसेन. तमालपत्रसुद्धा खाईन." बोलता बोलता तो हुंदके देऊ लागला. "मला इथे कुणी नाही, देल्मिरा. मला बोलाव."

"थांब. विचारते."

खुर्ची सरकली. पलीकडे हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. ते बराच वेळ चाललं. एकाने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. दुसऱ्याने आणखी काही विचारलं. ती अजिजीने बोलत होती, हे त्याला शब्द न कळताही कळत होतं. कुणीतरी सुस्कारा टाकला. मग पावलं भिंतीजवळ आली. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या बाईला आपल्या माणसाला दारातून परत पाठवावं लागतं, तेव्हा ती जशी बोलते, तशी देल्मिरा बोलली.

"मी विचारलं रे. पण ते तुला ओळखत नाहीत."

"तू सांग ना त्यांना! नवरा आहे म्हणावं!"

"सांगितलं. ते म्हणतात, देल्मिराचा नवरा इथे नसतो. जाते मी. निवतंय."

चमचे पुन्हा वाजू लागले.

एवारिस्तोने भिंतीवर मुठी आपटल्या. चुना फुटून पडला, मागे वीट निघाली, तो विटेवर आपटत राहिला. बोटांची सालटी निघाली तरी थांबला नाही. तिला हाका मारल्या, त्यांना शिव्या दिल्या, मग त्यांचीच गयावया केली. पलीकडे कुणीही थांबून ऐकलं नाही. जेवण चालूच राहिलं, आणि मग ताटल्या एकावर एक ठेवल्या गेल्या आणि आवाज संपला.

पलंगावर देल्मिरा दचकून उठली होती.

"अगंबाई! केवढं लागलंय तुम्हाला!"

तिने त्याला हाताला धरून उठवलं. अंगणात हौदाच्या पाण्याने त्याच्या मुठी धुतल्या, जुनं मऊ कापड फाडून दोन्ही हातांना बांधलं. गाठ मारताना ती दाताखाली जीभ धरत होती, तशी ती नेहमीच धरायची. मग तिने त्याला बोळातून पुढे नेलं आणि रस्त्यावरचं दार उघडलं. गल्लीत झडपा एकामागून एक उघडत होत्या. बासिलिओ दुकानाच्या फळ्या काढत होता. त्याने समोर पाहिलं, पांढरे बांधलेले हात पाहिले आणि लगेच मान वळवून संत्री रचायला लागला.

देल्मिराने दारात खुर्ची ठेवून एवारिस्तोला बसवलं.

"दुखतंय का? जरा कळ काढा. आमचा हा आला की तुम्हाला दवाखान्यात घेऊन जाईल. या वेळेला तो कायमचाच येणार आहे, तसं कळवलंय त्याने. येईलच आता."

तिने आतून आपलीही खुर्ची आणली, त्याच्या शेजारी टाकली आणि केसांवरून हात फिरवून बसली. मग दोघंही गल्लीच्या टोकाकडे, नदीच्या बाजूला, बघत राहिली.